पुढचं फोडायचं नाही!

टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मध्ये ३६१ प्रकरणं आहेत. रोज एक वाचलं, तर वर्ष संपायला चार दिवस उरतात. जगभरातले कितीतरी वाचकगट नेमकं हेच करतात. अशा नेमून वाचण्याला नाकं मुरडणाऱ्यांनी जॉर्ज इलियटची ‘मिडलमार्च’ आठवावी. ती १८७१-७२ मध्ये आठ भागांत निघाली. पुढचा भाग येईपर्यंत वाचकांना तर्क लढवायला भरपूर सवड होती.

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ही ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली. यमू स्वतःची कहाणी सांगते: बालपण, लग्न, वैधव्य, सक्तीचं केशवपन. एका बैठकीत वाचणारा रडून मोकळा होतो. आठवड्याला चार प्रकरणं वाचणाऱ्या गटात मात्र जुंपते. यमूच्या सासरच्या छळवादी शंकरमामंजींवर तुटून पडणं सोपं. खरी वादावादी यमूच्या नवऱ्यावरून व्हायला हवी. बायकोला शिकवणारा हा सुधारक वडीलधाऱ्यांपुढे कितपत ताठ उभा राहतो? सत्तरीच्या वाचक बाईंनी इथे आपल्या आजीचा विषय काढला, की विशीतल्या पोराचा ठाम निकाल डळमळतो.

नियम एकच पुरे: पुढचं फोडायचं नाही. मुखपृष्ठांचे फोटो टाकून ‘वाचून झालं’ म्हणणाऱ्यांची शर्यत मात्र खुशाल बंद करावी.

जाडजूड पुस्तकाची धास्ती असेल, तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्यावी. १९३९ ची ही छोटी कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते. नायक चक्रधर त्याच्यावर जीव लावणाऱ्या हर्टाशी कसा वागला, यावर दोन आठवडे सहज निघतात.