हिशोबाची वही उघडी ठेवा

बडोदेकर मंडळी, पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

मागच्या आठवड्यात आपल्यातल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं की इंग्लंडात शेजारधर्म उरलेला नाही, माणूस गेला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही. मी आणि सौ. दोन खेपा मिळून सहा महिने लेकीकडे, श्रॉपशायरमधल्या एका लहान खेड्यात राहून आलो आहोत. लंडनला आठवडाभर भाच्याकडे राहून इंग्लंडवर बोलणं म्हणजे दादरच्या फलाटावर उभं राहून कोकणाचं वर्णन करणं!

पहिले चार दिवस मलाही ते गाव मेलेलंच वाटलं. एक चर्च, एक पब, एक सभागृह, आठवड्यातून दोनदा बस. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग सभागृहाच्या भिंतीवर काचेचा सूचनाफलक दिसला. आयुष्य बँकेत गेलं, चिकटवलेला कागद वाचल्याशिवाय पाय पुढे पडत नाही. पुढच्या सभेची विषयपत्रिका, मागच्या सभेचे मिनिट्स आणि खाली खर्च: गवत कापणाऱ्याला किती दिले, बाक दुरुस्तीला किती, क्लार्कचा पगार किती. पेन्सपर्यंत!

ही त्यांची पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी. 1894 च्या कायद्याने स्थापन झाली, आणि त्याच कायद्याने लग्न झालेल्या बायकांनाही तिथे मत देण्याचा व निवडून येण्याचा हक्क मिळाला. बहुतेक सभासद बिनपगारी. गावचा लहानसा कर कौन्सिल टॅक्सबरोबरच गोळा होतो. सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते, आणि सभेला कोणीही जाऊन बसू शकतं. लोकांना आणि वार्ताहरांना सभेत बसण्याचा हक्क देणारा 1960 चा कायदा कोणी मांडला ठाऊक आहे? तेव्हा नव्याने खासदार झालेल्या मार्गारेट थॅचरबाईंनी.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. दरवर्षी कामाचे तीस दिवस गावच्या हिशोबाची वही आणि बिलं लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवावी लागतात. जुलैचे कामाचे पहिले दहा दिवस त्यात यायलाच हवेत. गावचा साधा मतदारसुद्धा थेट ऑडिटरला प्रश्न विचारू शकतो. असं विचारणाऱ्याला कोणी भांडखोर म्हणत नाही हो, तो कायद्याचाच भाग आहे.

आणि बातम्या? दर महिन्याला गावचं साधं, काळं-पांढरं मासिक शेजारच्या आजीबाई प्रत्येक दारात टाकत. चर्चला न जाणाऱ्यांच्याही. रस्ता कधी बंद, घर वाढवायला कोणी अर्ज केला, या महिन्यात चर्चमध्ये फुलं ठेवायची पाळी कोणाची, महिलांच्या 'विमेन्स इन्स्टिट्यूट'मध्ये व्याख्यान कशावर, मांजर कोणाचं हरवलं. आणि हो, कोण गेलं, अंत्यविधी किती वाजता, नंतरचा चहा कुठे, हेही मी तिथेच वाचलं. माणूस गेला तरी पत्ता नसतो म्हणे!

गावातली लाल टेलिफोनची खोकी 2008 पासून गावांना एका पौंडात मिळू लागली. आमच्या खोक्यात हृदय बंद पडल्यास झटका द्यायचं यंत्र आहे. ते चालू आहे की नाही हे पाहायची पाळीही ठरलेली. उत्तरेत हेस्केट न्यूमार्केट नावाच्या गावाने 2003 साली आपला पब लोकांच्या भागभांडवलावर सहकारी म्हणून विकत घेतला. सहकाराचं कौतुक आपल्याला कोणी शिकवायला नको, तरी वाचताना बरं वाटलं.

गाव सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. घरं महाग, तरुण पोरं शहरात. कौन्सिलच्या जागांना कित्येकदा उमेदवारच मिळत नाहीत, मग गळ घालून बसवतात. कुत्र्यांच्या घाणीच्या डब्यावरून मी स्वतः वीस मिनिटं भांडण ऐकलं. चेशरमधल्या हँडफर्थ पॅरिश कौन्सिलची ऑनलाइन सभेतली भांडाभांडी तर 2021 मध्ये सगळ्या जगाने पाहिली. पण भांडण झालं तरी ठराव कागदावर येतो आणि कागद फलकावर लागतो.

आता आपल्याकडे या. आपल्या गायकवाड सरकारांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1910 नंतर गावोगाव ग्रंथालयं काढली, पेट्यांतून पुस्तकं फिरवली. त्या राज्यातली आपण माणसं! आणि आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत काय होतं? "अहवाल व ताळेबंद वाचला असे समजण्यात यावे." टाळ्या. श्रीखंड-पुरी.

हे वाक्य सात वर्षं मी स्वतः म्हटलं आहे. मी खजिनदार होतो. हिशोब पैशाला पैसा जुळलेला होता, शपथेवर सांगतो. पण एका वर्षी बी.कॉम. झालेल्या एका मुलाने सभागृहाच्या ठेवीवरच्या व्याजाबद्दल विचारलं. सरळ प्रश्न होता, उत्तर माझ्या वहीत होतं. मी म्हणालो, "आमच्यावर विश्वास नाही का रे?" सगळे हसले. तो खाली बसला, आणि पुन्हा कधी मंडळात आला नाही.

त्यानंतर "नव्या पिढीला मराठीपण नको" असं रडण्यात मीच पुढे होतो. श्रॉपशायरच्या त्या फलकासमोर उभं राहिल्यावर मला त्या मुलाचा चेहरा आठवला. त्याला मराठीपण हवं होतं म्हणूनच त्याने विचारलं होतं. आपण त्याला पाहुण्यासारखं बसवलं, जेवायला घातलं, आणि वही मात्र दाखवली नाही.

म्हणून स्पष्ट मागतो. येत्या दसऱ्यापर्यंत मंडळाचा जमाखर्च दारावर लावा, बिलांसकट. सभेचे मिनिट्स आठ दिवसांत ग्रुपवर टाका, फुलांच्या चित्रांखाली गाडू नका. आणि तरुणांना खुर्च्या मांडायला बोलावण्याऐवजी ठरलेल्या मुदतीचं एक-एक काम सोपवा. मग बघा येतात की नाही.

ज्यांना हे गोऱ्यांचं कौतुक वाटेल त्यांनी खुशाल तसं म्हणावं. फक्त म्हणण्याआधी आपल्या मंडळात ठेव किती आहे आणि तिचं व्याज कुठे जातं, एवढं सांगावं. न पाहता सांगता येत असेल, तर ही पोस्ट मी काढून टाकतो.