कलम बांधणाऱ्यांची बाजू

घरच्या घरी डिजिटल ऑडिओ प्लेअर घडवणाऱ्याला साहित्यिक वर्तुळात हमखास ऐकावे लागते : ‘चिप विकतची, मेमरी कार्ड विकतचे, मग यात तुमचे काय?’ हा आक्षेप आम्हांस उथळ वाटतो.

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंटही जुना, वाणही जुना. तरी त्या कलमाला जोडकाम म्हणून कोणी हिणवत नाही.

यंत्राचेही तेच. फिनलंडच्या व्हीएलएसआय सोल्यूशनची व्हीएस१०५३ ही चिप एमपी३ उलगडून देते. परंतु लिथियम बॅटरीचे व्होल्टेज ४.२ पासून उतरत जाते, कार्डाला मात्र ३.३ च्या आसपास स्थिर पुरवठा लागतो. वाचताना कार्ड हिसक्याने वीज ओढते आणि आखणी ढिसाळ असेल तर तो हिसका कानात खरखर होऊन उतरतो. वीज कोणत्या वाटेने न्यावी, बटणे किती नि केवढी असावीत, हे चिप सांगत नाही. श्रोता ओळखूनच ते ठरवावे लागते.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) शिकवताना आपण वऱ्हाडी बोलीचे गोडवे गातो. तीच बोली बोलणाऱ्या निरक्षर म्हातारीला आपल्या माणसांचे मुद्रित बोल तीन ठळक बटणांच्या, गावातच दुरुस्त होणाऱ्या यंत्रावर ऐकता यावेत, हा विचार मात्र आपल्याला शिवत नाही. वाचकासाठी लिहिणे ही निर्मिती आणि श्रोत्यासाठी सांधणे ही हमाली, हा भेद आम्हांस अमान्य आहे. मराठीत लेखणीलाही कलमच म्हणतात.