गोंडे फुलले, बी का भरले नाही?



कांद्याचे गोंडे फुलले पण बी भरले नाही, ही तक्रार बैठकीत निघते. दोष बियाण्याला, हवेला देऊन होतो. माशी कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. बीच भरले नाही तर भाव मिळूनही विकणार काय?

आपल्या शिवारात एकाच घराण्याच्या तीन माश्या नांदतात. फुलोरी झुडपाच्या फांदीवर एकच लहान पोळे बांधते आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून फांदीला चिकट राळेचे कडे घालते. आग्या उंच झाडाला, कड्याला उघडेच मोहोळ लावते. राखणीला माश्यांचाच पडदा. सातेरी ढोलीच्या अंधारात अनेक पोळी लावते, म्हणूनच ती पेटीत रमते. तिघीही नाचून फुलांचा पत्ता सांगतात. फुलोरी पोळ्याच्या सपाट माथ्यावर थेट फुलांच्या दिशेने नाचते. बाकी दोघी उभ्या पोळ्यावर नाचून सूर्यापासूनचा कोन दाखवतात. मार्टिन लिंडावर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत हे नाच तपासले. उघड्यावरची बोली आधीची, असा त्यांचा कयास.

तुरीवर येणारा भुंगा मात्र एकांडा. त्याचे घर वाळक्या लाकडात. ते लाकूड आपण सरपणाला नेतो!

जिल्हा बैठकीत ठराव यावा: फुलोऱ्यात फवारणी टाळावी, करावीच लागली तर सायंकाळी, शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगून. आग्याचे मोहोळ जाळू नये. मधाचा भाग कापावा, पिलांचा राहू द्यावा.