परराज्यातील कंपनी: नागरिक की पाहुणी?

१/४
१८६६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने कायदा केला: परराज्यातील विमा कंपनीने परवाना घ्यावा आणि त्यासाठी सरकारी खजिन्यात रोखे ठेवावेत. न्यूयॉर्कच्या कंपन्यांचा पीटर्सबर्ग येथील एजंट सॅम्युअल पॉल याने शुल्क देऊ केले, रोखे ठेवले नाहीत. परवान्याविना विमा विकल्याबद्दल त्याला ५० डॉलर दंड झाला.

२/४
१८६९ साली सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांचा युक्तिवाद असा: कंपनी ही एका राज्याच्या कायद्याची निर्मिती, नागरिकांचे विशेषाधिकार तिला नाहीत. दुसऱ्या राज्यात ती येते ती त्याच्या संमतीने, आणि संमतीला अटी घालता येतात.

३/४
विमा म्हणजे व्यापार नव्हे, हे त्या निकालातील मत १९४४ मध्ये न्यायालयानेच सोडले; ते योग्यच झाले. तरीही १९४५ मध्ये काँग्रेसने विम्याचे नियमन राज्यांकडेच राहू दिले.

४/४
ह्याला कोणी संकुचित प्रांतवाद म्हणेल. मला तसे वाटत नाही. घर जळाले आणि कंपनीने हात वर केले, तर पीटर्सबर्गच्या माणसाने दाद मागायला न्यूयॉर्क गाठावे काय? ज्याला बाजार हवा, त्याने तिथले उत्तरदायित्वही स्वीकारावे.