भंगार कोणाला म्हणता?

"मॅडम, हे भंगार आहे. ह्यात आता एक रुपया टाकू नका."

हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकंच सणकलं. गेल्या महिन्यातली गोष्ट. मी आणि माझा भाचा ताईकडचा जुना कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन दुकानात गेलो होतो. भाचा यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याला 'विचर ३' खेळायचा होता. मशीन भाऊजींनी २०१४ मध्ये घेतलेलं. दुकानदाराने साधं झाकणसुद्धा उघडलं नाही. स्टिकर वाचला, "फोर्थ जनरेशन..." म्हणत नाक मुरडलं आणि सत्तर हजारांचं कोटेशन छापून हातात ठेवलं. (आणि हो, सगळं बोलणं भाच्याशी. मी फक्त पैसे देणारी मॅडम!)

ताई बिचारी एफडी मोडायला निघाली. भाच्याच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेली एफडी. म्हणून हा आजचा त्रागा.

माझं म्हणणं एवढंच आहे की, मशीन भंगार ठरवण्याआधी नक्की काय कमी पडतंय ते तरी बघा. पंख्याचा कपॅसिटर गेला म्हणून आपण पंखा फेकतो का?

आता हिशोब बघा. 'विचर ३' आला २०१५ च्या मे महिन्यात. तेव्हा कंपनीने सांगितलेली किमान गरज होती आय-फाइव्ह २५००के प्रोसेसर, सहा जीबी रॅम आणि जीटीएक्स ६६० हे ग्राफिक्स कार्ड. ताईकडच्या मशीनमध्ये आय-फाइव्ह ४५७० आहे, म्हणजे त्याहून दोन पिढ्या नवा. प्रोसेसर पास! नापास दोनच गोष्टी. रॅम चारच जीबी, आणि ग्राफिक्स कार्ड नाहीच. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, आणि ते तर रॅमही मुख्य मशीनकडूनच उसनी घेतं. आधीच घरात चार भाकऱ्या, त्यातली एक शेजारी नेणार. गेम चालणार कसा?

मग मी आणि भाचा कामाला लागलो. पहिल्यांदा झाकण उघडून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचलं. मशीन ऑफिसछाप असल्यामुळे सप्लाय लहान, आणि ग्राफिक्स कार्डाला द्यायची वेगळी वायरच नाही. इथे बरेच जण हात टेकतात. पण मदरबोर्डवरच्या लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधूनच कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते. म्हणजे तेवढ्यात भागणारं कार्ड शोधायचं. २०१९ मध्ये आलेलं जीटीएक्स १६५० तसं आहे, फक्त वेगळी वायर न लागणारं मॉडेल बघून घ्यायचं, कारण काही मॉडेल्सना ती लागते. मग पट्टी घेऊन कॅबिनेटमध्ये जागा मोजली. कार्ड स्लॉटपेक्षा नवं असलं तरी चालतं, त्याची काळजी नको.

वापरलेलं कार्ड साडेसहा हजारांना मिळालं, घेण्याआधी समोर अर्धा तास गेम चालवून बघितलं. चार जीबीची जुनी डीडीआर-थ्री रॅम पाचशेला. सगळं बसवलं, बटण दाबणार, तर मॉनिटरची वायरच बसेना! आमचा मॉनिटर निळ्या व्हीजीए वायरचा आणि कार्डावर ती सोयच नाही. साडेतीनशेचा अ‍ॅडॉप्टर आणला. एकूण सात हजार तीनशे पन्नास. कोटेशन होतं सत्तर हजारांचं!

रात्री साडेदहाला गेम सुरू झाला, मीडियम सेटिंगवर, न अडखळता. "मावशी, चाललं गं!" असं भाचा इतक्या जोरात ओरडला की आतून ताई धावत आली.

आता दुकानदाराची बाजू अगदीच खोटी होती का? नाही. हे मशीन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून ताईला बजावलंय की बँकेचे व्यवहार ह्यावर अजिबात नाहीत. नवेकोरे मोठे गेमही विसरा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम घ्या, त्याला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलंच कार्ड लागतं. ज्याला तोच खेळायचाय त्याने खुशाल नवीन मशीन घ्यावं. पण आमच्या पोराने तो मागितलाच नव्हता हो! त्याला काय खेळायचंय हे दुकानात कोणी विचारलंच नाही.

आता तुमच्यातले काही (काका, तुम्हालाच म्हणतेय) म्हणतील, "गेमसाठी सात हजार तरी कशाला?" काका, इंजिनिअरिंगला गेलेल्या ह्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडून बघितला. वॅट म्हणजे काय हे त्याला बारावीत पाठ होतं, पण पॉवर सप्लायचं लेबल वाचताना ते समजलं. कुठल्या क्लासची फी एवढी कमी आहे सांगा.

ती एफडी अजून बँकेत आहे. कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ताई वाणसामानाची यादी लिहिते.

असो. तुमच्याही घरात टेबलाखाली धूळ खात पडलेलं एखादं मशीन असेलच. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. स्क्रू दोनच असतात.