धानाची बांधी आणि संगणकाचे पान

भंडारा जिल्हा हा धानाचा प्रदेश. समजा, साकोलीच्या एका विद्यार्थिनीला बांधीचे क्षेत्रफळ एकरांत काढून देणारे संगणकाचे पान तयार करावयाचे आहे. लांबी व रुंदी फुटांत घ्यावी, गुणाकाराला 43,560 ने भागावे, की झाले. 66 फुटांची चौरस बांधी असेल तर उत्तर येते 0.1 एकर. जावास्क्रिप्ट भाषेत हे काम थोड्याच ओळींचे आहे. ओळी लिहून फाइल ब्राउझरमध्ये उघडली की पान चालू लागते. इंटरनेटचीही गरज पडत नाही.

पण हल्ली शिकवण्याची सुरुवात पुष्कळदा निराळीच होते. आधी ढीगभर साधने इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाची, मग आपला मजकूर त्यांतून काढावयाचा, आणि जे बाहेर पडेल ते ब्राउझरला द्यावयाचे. या मधल्या पायरीला 'बिल्ड' म्हणतात. ती उगाच आलेली नाही. 1995 साली ब्रेंडन आइक यांनी ही भाषा रचली, तेव्हा एका फाइलीने दुसरीला बोलावण्याची सोय तीत नव्हती. मोठ्या कामाच्या अनेक फाइली कोणीतरी एकत्र बांधणे भाग होते. 2015 च्या प्रमाणात 'मोड्यूल' आले व 2018 पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांना ते कळू लागले.

तेव्हा शाळेत तरी ही पायरी आधी नको, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या विद्यार्थिनीने त्याच बांधीच्या धुऱ्याची लांबी काढावयास घेतली, तर 264 ऐवजी उत्तर येईल 13,332! असे का व्हावे? रकान्यात भरलेले 66 हे भाषेच्या लेखी आकडे नसून अक्षरे असतात. अक्षरांची बेरीज म्हणजे जोडणी, म्हणून 6666. आणि दुप्पट करताना मात्र भाषा मुकाट्याने त्यांचा आकडा करते. (हा तिचा लहरीपणाच म्हणायचा.) आपण लिहिलेली ओळ जशीच्या तशी ब्राउझरमध्ये दिसत असेल, तर ही चूक मुलगी स्वतः पकडेल. बिल्डमधून निघालेल्या मजकुरात बहुधा नावे एकेका अक्षराची झालेली असतात, ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. मूळ ओळ दाखवणारे नकाशे जोडता येतात, पण ते बसवणे हा आणखी एक अभ्यास. तोवर 'हे आपल्याला जमणारे नाही' असे तिने ठरवून टाकलेले असते.

मोठ्या प्रकल्पांत बिल्डचा उपयोग आहेच. ती गरज भासेल तेव्हा शिकता येते.

शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावे. मोड्यूल वापरणारे पान डिस्कवरून थेट उघडले, तर ब्राउझर सुरक्षेसाठी ती मोड्यूले अडवतो. संगणकावर पायथॉन असल्यास त्यातला छोटा सर्व्हर एका आज्ञेने सुरू होतो. बांधीच्या पानाला तेवढेही लागत नाही.