दवाखाना पाहिजेच, पण जागा गावसभा ठरवणार



गेल्या पावसाळ्यात आपल्या किती पाड्यांनी आजारी माणूस झोळीत घालून नदी ओलांडली, ते तुम्हाला सांगायला नको. अडलेली बाई, तापाने फणफणलेलं पोर, फुरसं चावलेला गडी, सगळ्यांना तोच रस्ता. आता नवीन सरकारी दवाखान्याची बोलणी सुरू झाली आहेत, हे चांगलं आहे. पण हे कुणाचे उपकार नाहीत. आदिवासी भागात ३ हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि २० हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे माप सरकारनेच ठरवलेलं आहे.

मागच्या बैठकीत एका आजीने सवाल केला, "जमिनीसाठी लाठ्या खाल्ल्या, आता दवाखान्याच्या नावाने तीच जमीन सोडायची का?" सवाल खरा आहे. साहेबांनी दाखवलेली जागा सडकेलगतची, सपाट आहे. तिथे तीन घरं नागली-वरई पिकवतात. त्यांचे दावे अजून पडून आहेत. नाही म्हटलं तर आपणच आडवे आलो म्हणतील. हो म्हटलं तर तीन चुली विझतील.

आमचं म्हणणं, दवाखाना आणि जमीन यांतलं एक सोडायची गरजच नाही. २००६ चा वनहक्क कायदा काढा. कलम ३(२) प्रमाणे सरकारने चालवायच्या दवाखान्याला वनजमीन देता येते. पण ती एक हेक्टरपेक्षा कमी पाहिजे, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेने शिफारस केली तरच. कलम ४(५) सांगतं की दाव्यांची तपासणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून हटवता येत नाही. म्हणून कुणी कसत नाही अशी जागा आपणच फिरून पाहू, मोजू आणि दाखवू.

जागेइतकंच महत्त्वाचं आहे दवाखाना कसा असावा ते. गडचिरोलीत शोधग्रामला दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, आणि आजाऱ्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. मग १९९३ साली झोपड्यांसारख्या खोल्यांचा दवाखाना झाला. घरच्यांना सोबत राहायची सोय झाली, आणि नाव मिळालं दंतेश्वरी मातेचं.

छत्तीसगडात दल्ली राजहराला लोखंडाच्या खाणीतल्या मजुरांची एक पुढारी, कुसुमबाई, बाळंतपणात उपचाराविना गेली. मजुरांनी ठरवलं, आता आपला दवाखाना. १९७७ च्या गोळीबारात मेलेल्या साथींच्या नावाने ३ जून १९८३ ला शहीद हॉस्पिटल उघडलं. मजुरांच्या वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून ते उभं राहिलं.

त्यांच्याकडून हिंमत घेऊ. पण एक फरक लक्षात ठेवा. आपण मागतोय तो सरकारी दवाखाना. दगड-माती वाहायला आपण हात देऊ, पण डॉक्टर, नर्स, औषधं, गाडी आणि तिचं डिझेल ही जबाबदारी सरकारचीच. श्रमदान घेतलं आणि पुढे कुलूप लावलं, असं चालायचं नाही.

तेव्हा प्रत्येक पाड्यावर गावसभा भरवा. बायकांना आणि सुईणींना आधी बोलू द्या, कारण रात्री-अपरात्री त्यांनाच धावावं लागतं. ठरावात एवढं लिहा: जागा कुठली आणि किती, कुणाचाही प्लॉट जाणार नाही, बाळंतपणाची सोय रात्रीही, साप चावल्यावरचं इंजेक्शन कायम शिल्लक, नर्सला राहायला घर, आपली बोली बोलणारं एक माणूस, आणि कामावर देखरेख गावसभेची. ठराव रजिस्टरात चढवा, सह्या-अंगठे घ्या, नक्कल देऊन पोच घ्या. तोंडी कबुलीवर कुणी घरी परतू नका.

जमीन टिकली पाहिजे आणि ती कसणारा माणूसही जगला पाहिजे. लढाई दोन्हींची आहे.